स्कोअररच्या टेबलावरून : जेलन हॉटडॉगफिंगर्स कोण?

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, ‘तुमचा सगळ्यात आवडता बोलर किंवा पिचर कोण?’ पानावर जागा उरली नव्हती, म्हणून मी एका ओळीत उत्तर दिलं : सिएटल गॅरेजेसची पिचर (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारी) जेलन हॉटडॉगफिंगर्स. त्या एका ओळीवर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळं पान जेलनला देते आहे.

ताई, मी अमेरिकन बेसबॉल नियमित पाहतो. सिएटलचा संघ मरिनर्स. ‘गॅरेजेस’ मेजर लीगमध्ये नाही, खालच्या लीगमध्येही सापडला नाही. ही बाई खेळली कुठे?
*– एक वाचक, नाशिक*

तुम्ही शोधलंत ते योग्य जागी शोधलंत. मरिनर्स १९७७ पासून सिएटलमध्ये आहेत, आणि गॅरेजेस त्या जगातले नाहीतच. जेलन खेळली ती ब्लेसबॉल नावाच्या लीगमध्ये. ही लीग फक्त इंटरनेटवर होती. लॉस एंजेलिसच्या ‘द गेम बँड’ या छोट्या कंपनीने ती २० जुलै २०२० रोजी सुरू केली. सामने कॉम्प्युटर खेळवायचा आणि जगभरातले लोक ते ब्राउझरमध्ये बघायचे.

सुरुवातीला २० संघ होते. शार्लस्टन शू थीव्ज, कॅनडा मॉइस्ट टॉकर्स, सॅन फ्रान्सिस्को लव्हर्स, बाल्टिमोर क्रॅब्स, आणि थेट ग्रीकांच्या पाताळातून आलेले हेडीस टायगर्स. सोमवार ते शुक्रवार दर तासाला सगळ्यांचा एकेक सामना, म्हणजे आठवड्यात ९९. शनिवारी बाद फेरी, रविवारी निवडणूक, आणि पुढच्या सोमवारी नवा सीझन. अमेरिकेत सामना तासाच्या ठोक्याला सुरू व्हायचा, त्यामुळे आपल्याकडे तो नेहमी साडेच्या वेळी यायचा. साडेसहा, साडेसात, साडेआठ. आमच्या घरी तेव्हा कुकर त्या हिशेबाने लागायचा.

खेळाडूंची नावं कॉम्प्युटरने जुळवलेली असत. जेसिका टेलिफोन, यॉर्क सिल्क, लँड्री व्हायोलन्स, आणि आपली जेलन हॉटडॉगफिंगर्स. चेहरा नाही, वय नाही, गाव नाही. नावाखाली कौशल्याचे तारे, सामन्याआधी ती व्यक्ती काय विधी करते, कॉफी कशी पिते आणि रक्तगट कोणता, एवढीच माहिती. हवामानात ऊन-पाऊस नव्हता. खग्रास ग्रहण असायचं, पक्ष्यांचे थवे असायचे, भुईमुगाचे दाणे बरसायचे. पुढे तर एक प्रचंड शेंग देव म्हणून अवतरली आणि लोकांना दरडावू लागली. हे सगळं लीगच्या पानावर, जणू सरकारी परिपत्रक असावं अशा गंभीर भाषेत लिहून यायचं. मला ती भाषा फार आवडायची. लिहिणाऱ्यांनी आपल्या जगाची एकदाही थट्टा केली नाही.

चित्र नाही, मैदान नाही, समालोचन नाही. मग तासभर बघत काय होता?
*– शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक, सांगली*

सर, ओळी. ‘स्ट्राइक.’ ‘बॉल.’ ‘फाउल.’ ‘डाव्या बाजूला झेल, आउट.’ दर काही सेकंदांनी पडद्यावर एक ओळ बदलायची. संघाच्या नावापुढे एक चिन्ह असायचं, गॅरेजेसचं गिटार होतं. तीन बेसचे (धावताना गाठायच्या थांब्यांचे) तीन चौकोन भरायचे आणि रिकामे व्हायचे. बस.

मी पुण्यात क्लबच्या सामन्यांना स्कोअरिंग करत आले आहे. स्कोअररला सामना डोळ्यांनी दिसतो तेवढाच कागदावरही दिसतो. रात्री घरी येऊन स्कोअरबुक उघडलं, की एका ओळीत सलग चार डॉट आणि पाचव्या चेंडूला विकेट दिसते, आणि त्या डॉटमध्ये बॅट्समनची घालमेल मला पुन्हा वाचता येते. जुलै २०२० मध्ये नेहरू स्टेडियमला कुलूप होतं. आयपीएल सप्टेंबरमध्ये अमिरातीत व्हायची होती. अमेरिकेत मेजर लीग २३ जुलैला सुरू झाली, पण फक्त ६० सामन्यांची, आणि प्रेक्षकांच्या जागी खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे कापलेले चेहरे. अशा वेळी माझ्या भाचीने मला या पानाचा दुवा पाठवला. उघडलं आणि पाहते तर समोर चालतं-बोलतं स्कोअरबुक.

सर, तुमच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. बेसबॉलचा धावफलक जिथून आला, ते घर आपल्या ओळखीचं आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस लहानपणी अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचा वार्ताहर झाला. पुढे बेसबॉलच्या प्रेमात पडल्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ घडवला. तीन स्ट्राइकने बाद झालेल्या बॅटरपुढे ‘के’ हे अक्षर लिहायची पद्धत त्याचीच. तेव्हा मी ब्लेसबॉलच्या ओळी वाचत बसले, त्यात मला परकं काहीच वाटलं नाही.

जेलन मेली आणि परत आली, असं माझा पुतण्या म्हणतो. नेमकं काय झालं ते सविस्तर लिहाल का?
*– एक वाचक, ठाणे*

सविस्तरच लिहिते.

दर रविवारी प्रेक्षक मतं द्यायचे. काही ठराव असायचे. ज्याला सर्वाधिक मतं, तो साऱ्या लीगला लागू. काही वरदानं असायची. त्यांची सोडत निघायची, आणि ज्या संघाच्या लोकांनी जास्त मतं टाकली त्याच्या चिठ्ठ्या जास्त. लीगची नियमावली पानावर होती, पण तिच्यातल्या ओळीच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या. पहिल्याच आठवड्यात एक ठराव आला : ‘निषिद्ध ग्रंथ उघडा.’ लोकांनी भरभरून मतं दिली. बंद पुस्तक समोर ठेवल्यावर माणूस दुसरं काय करणार?

ग्रंथ उघडला. सूर्याला ग्रहण लागलं. अंपायरांचे डोळे पांढरे झाले. मोआबचं वाळवंट नरकाच्या मुखाने गिळलं, आणि तिथला मोआब सनबीम्स हा संघ हेलमाउथ सनबीम्स झाला. त्याच घोषणेत एक ओळ होती : नामवंत खेळाडू जेलन हॉटडॉगफिंगर्स भस्मसात झाली.

ही लीगमधली पहिली आहुती. एका आठवड्यात लोकांनी तिला जेमतेम ओळखलं होतं. त्यानंतर ग्रहणाच्या सामन्यांत बिथरलेले अंपायर खेळाडूंना जाळू लागले. पानावर एक ओळ यायची : अमुक खेळाडू भस्मसात, त्याच्या जागी तमुक. पुढची ओळ ‘बॉल’ किंवा ‘स्ट्राइक’, कारण सामना थांबायचा नाही. लोक गेलेल्याच्या नावापुढे ‘आर.आय.व्ही.’ (रेस्ट इन व्हायोलन्स) लिहायचे. शांतीने विश्रांती नव्हे, ‘हिंसेत विश्रांती’.

नंतर लीगमध्ये लाडक्या खेळाडूंची यादी आली. प्रत्येक प्रेक्षकाने एक खेळाडू आपला मानायचा, आणि कोणावर किती लोकांचा जीव आहे ते यादीत क्रमाने दिसायचं. सहाव्या सीझनला एक वरदान जाहीर झालं : ज्या संघाला हे मिळेल, त्याला यादीतला चौदाव्या क्रमांकाचा खेळाडू मिळेल. आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, की मेलेल्या खेळाडूचं पान अजून उघडतं. त्या पानावरही ‘हा माझा लाडका’ म्हणायचं बटण चालतं.

पुढचं मी आयुष्यभर विसरणार नाही. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी ठरवलं, की जेलनला चौदाव्या क्रमांकावर आणून बसवायचं. तेरावा नको, पंधरावा नको. लोक वाढले की ती वर सरकायची, मग काहींनी हात काढून घ्यायचे. कमी पडले की पुन्हा यायचं. दुसऱ्या संघांचे पाठीराखेही यात सामील झाले. मीही तिला आपलं मानलं आणि माझी सगळी मतं त्या वरदानावर टाकली. रविवारी यादीत ती चौदावी होती. सोडतीत ते वरदान निघालं गॅरेजेसच्या नावावर, तिच्या स्वतःच्या संघाला.

जेलन परत आली. तिची जागा करून द्यायला माइक टाउनसेंड नावाचा पिचर संघाच्या सावल्यांत गेला. ‘सावल्या’ हा त्या लीगमधला, नजरेआडच्या खेळाडूंचा गट. टाउनसेंडला लोक निराशा करणारा म्हणून हिणवायचे. त्या दिवसापासून तो शब्द कोणी त्याच्यासाठी वापरला नाही.

आणि जेलनच्या नावाखाली एक नवी खूण दिसू लागली : ऋणी. या खेळाडूला एक कर्ज फेडायचं आहे, एवढाच खुलासा.

सातव्या सीझनला तिने चेंडू टाकला, तो बॅटरच्या अंगावर गेला. अशी ओळ मी ब्लेसबॉलमध्ये त्याआधी पाहिली नव्हती. ज्याला चेंडू लागला त्याच्या नावावर दुसरी खूण उमटली : अस्थिर. अस्थिर खेळाडू ग्रहणात जळण्याची शक्यता कितीतरी अधिक. आणि तो जळाला, की अस्थिरपणा उडी मारून दुसऱ्या कोणाला तरी धरायचा. एका मंगळवारी अशी साखळीच लागली. प्रेक्षक त्या दिवसाला ‘रूबी ट्यूजडे’ म्हणतात. एकाच्या बदल्यात एक, असं ते कर्ज नव्हतं. त्याची रक्कम कोणालाच सांगितली नव्हती.

यात पैसे लागायचे का? आमच्याकडे ऑनलाइन जुगाराने घरं बुडाली आहेत.
*– एक वाचक, सोलापूर*

तुमची काळजी अगदी रास्त आहे. लोक सामन्यांवर पैज लावायचे ती लीगच्या खोट्या नाण्यांची. ती नाणी मतं विकत घ्यायला वापरायची. नाणी जिंकून रुपया किंवा डॉलर हातात यायचा नाही, आणि कफल्लक झालेल्याला पानावरच भीक मागायची सोय होती. घरातल्या मुलांना खऱ्या पैशांच्या अ‍ॅपपासून दूरच ठेवा. त्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे.

मी २२ वर्षं मुंबईच्या मैदानांवर फास्ट बोलिंग केली. तुमच्याच सांगण्यावरून या जेलनने बॅटरना चेंडू मारले आणि ते मेले. अशी खेळाडू तुमची आवडती कशी?
*– एक निवृत्त वेगवान गोलंदाज, माटुंगा*

तुम्ही ज्या हाताने चेंडू टाकलात त्याच हाताने हे पत्र लिहिलं आहे, म्हणून उत्तरही पूर्ण देते.

मेजर लीगच्या इतिहासात चेंडू लागून मृत्यू झालेला खेळाडू एकच. क्लीव्हलँडचा रे चॅपमन. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यँकीजच्या कार्ल मेजचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला, दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हा हेल्मेट नव्हतं, आणि मळून काळपट झालेला चेंडूही सामन्यात वापरात राहायचा. संध्याकाळच्या उजेडात तो दिसायचा कसा? त्या मृत्यूनंतर मळका चेंडू बदलण्याबाबत कडक धोरण आलं. मेज पुढे कित्येक वर्षं खेळला, भरपूर सामने जिंकला, पण त्याचं नाव निघालं की लोकांना तो एकच चेंडू आठवतो. ब्लेसबॉल सुरू झालं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चॅपमनच्या मृत्यूला बरोबर १०० वर्षं झाली.

आपल्याकडचं तर तुम्हाला मी सांगायला नको. मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपल्या कर्णधाराच्या, नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. रक्त दिलं त्यात वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, प्रथम श्रेणी क्रिकेटही पुन्हा खेळले, पण कसोटी पुन्हा खेळले नाहीत. आणि २०१४ मध्ये सिडनीला शॉन अ‍ॅबटचा बाउन्सर फिलिप ह्यूजला लागला. अ‍ॅबट तेव्हा २२ वर्षांचा होता. फिलिप ह्यूज गेल्यावर ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी त्या मुलाला एकटं पडू दिलं नाही, ह्यूजइतकीच त्याची काळजी वाहिली. माणसांनी कसं वागावं याचं ते उदाहरण मी नेहमी देते.

आता जेलन. तिच्या हातात चेंडू होता हे खरं. पण तिला परत आणा असं तिने म्हटलं नव्हतं. ग्रंथ उघडा असंही तिने म्हटलं नव्हतं. दोन्ही वेळा मतं आम्ही टाकली. कर्ज तिच्या नावावर लिहिलं गेलं, घेतलं होतं आम्ही. ज्या संघांचे खेळाडू तिच्या चेंडूने अस्थिर होऊन जळाले, त्यांच्या पाठीराख्यांचा राग मी वाचला आहे, आणि तो राग खरा होता. आपल्या लाडक्याला परत आणायचं आणि किंमत दुसऱ्याच्या अंगणात फुटायची, हे त्यांनी का सोसावं? त्यावर वाद झाले, मैत्र्या तुटल्या, आणि तितक्याच जुळल्याही. गॅरेजेसच्या लोकांनी जळालेल्या परक्या खेळाडूंची नावं आपल्या गाण्यांत घेतली. हो, त्या पाठीराख्यांनी संघाच्याच नावाचा एक बँड काढला होता, आणि त्याच्या गाण्यांचे ढिगाने अल्बम निघाले.

ती परत यायला हवी होती, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. आणि त्याचं ओझं आमच्यावर आहे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणते. मला ती आवडते, कारण तिच्या निमित्ताने हजारो लोकांना एकाच वेळी कळलं, की प्रेमाने केलेल्या गोष्टीचाही जाब द्यावा लागतो. हे खऱ्या मैदानावर सहसा एकट्या बोलरला कळतं, आणि तो ते मनात घेऊन घरी जातो. तुम्हाला माहीत असेल.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजमध्ये होती. एका रात्री ती ढसाढसा रडत होती. विचारलं तर म्हणाली, ‘बाबा, आमचा एक खेळाडू जळाला.’ नसलेल्या माणसासाठी रडते म्हणून मी तिला रागावलो. आजही मला ते समजलेलं नाही. समजावून सांगाल का?
*– एक वडील, कोल्हापूर*

दादा, प्रयत्न करते.

२०२० चं ते वर्ष आठवा. टीव्हीवर रोज संध्याकाळी आकडा यायचा. आज इतके. त्या आकड्यातल्या एकाचंही नाव आपल्याला कळायचं नाही. ओळखीचं कोणी गेलं तर घरी जाता येत नव्हतं, खांदा देता येत नव्हता, तेरावं फोनवर. कॉलेजातली मुलं खोलीत कोंडलेली. अशा वेळी ब्लेसबॉलमध्ये एक जण जळायचा आणि त्याला नाव असायचं. काही मिनिटांत शेकडो लोक त्याच्यासाठी लिहू लागायचे, चित्रं काढायचे, गाणी रचायचे. तो कसा दिसायचा हे लीगने कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून प्रत्येकाचा तो वेगळा असायचा. पाठीराख्यांच्या ज्ञानकोशात एकाच खेळाडूच्या दोन-तीन चरित्रांना शेजारी-शेजारी जागा होती, आणि त्यातलं कुठलंही खोटं मानलं जात नसे. एकाची जेलन उंच, दुसऱ्याची ठेंगणी. दोघं मिळून तिच्यासाठी रडायचे.

तुमची मुलगी रडली ती एकटी नव्हती, एवढं मला खात्रीने माहीत आहे. त्या घटकेला तिच्या सोबत पुष्कळ माणसं होती. त्या वर्षी इतर कोणासाठी रडताना अशी सोबत फार थोड्यांना मिळाली.

मघाशी फिलिप ह्यूजचं नाव घेतलं, त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट. चेंडू लागला तेव्हा तो ६३ धावांवर होता. अशा बॅट्समनपुढे आम्ही स्कोअरर ‘जखमी निवृत्त’ लिहितो, नियम तसाच आहे. तो गेल्यावर क्रिकेट ऑस्ट्रेलियाने अधिकृत नोंद बदलली : ६३ नाबाद. त्या दोन शब्दांनी धाव वाढली नाही की सामन्याचा निकाल बदलला नाही. पण जगभरच्या स्कोअररांना ते वाचून हुंदका आला, कारण आम्हाला ठाऊक आहे की शेवटी खेळाडू त्या वहीत राहतो. जेलन पहिल्यापासून फक्त वहीत होती. म्हणून मला तिचं जाणं कमी खरं वाटलं नाही.

मुलीला फोन करा. त्या रात्री कोण जळालं होतं, त्याचं नाव विचारा. ती सांगेल, आणि मग बराच वेळ सांगत राहील.

काल्पनिक बेसबॉल खेळाडूंवर जीव टाकण्याचा हा पहिलाच प्रकार का?
*– एक वाचक, बेळगाव*

मुळीच नाही. जॅक केरुअॅक हा अमेरिकन लेखक पोरसवदा वयापासून स्वतःच्या कल्पनेतली बेसबॉल लीग चालवायचा. संघांना मोटारींची नावं, खेळाडू मनातले, सामन्यांचा निकाल पत्त्यांसारख्या कार्डांवरून, आणि त्यावर तो स्वतःच बातम्या लिहायचा. मोठा लेखक झाल्यावरही त्याने ते सोडलं नाही. ते कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपलेले आहेत. एप्रिल १९८५ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने सिड फिंच नावाच्या पिचरवर लेख छापला. तिबेटात योग शिकलेला, ताशी १६८ मैल वेगाने चेंडू फेकणारा. अंकावर तारीख १ एप्रिल होती, तरी कित्येकांनी विश्वास ठेवला. या दोन्हींमागे मात्र कर्ता एकेकच माणूस होता. ब्लेसबॉलमध्ये हजारो होते, आणि मला फरक तिथे वाटतो.

आज बघायला मिळेल का?
*– अनेक वाचक*

थेट सामने नाहीत. २०२१ च्या अमेरिकन उन्हाळ्यात लीगचं दुसरं पर्व एका कृष्णविवरात संपलं, जानेवारी २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि २ जून २०२३ रोजी कंपनीने ती कायमची बंद केली. चालवण्याचा खर्च झेपत नव्हता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्यांनी हे जग लिहिलं त्यांच्या नोकऱ्या गेल्या. याचं मला आजही वाईट वाटतं. इतकं मनापासून केलेलं काम टिकवायला आपल्याला जमत नाही.

पण प्रेक्षकांनीच ‘सोसायटी फॉर इंटरनेट ब्लेसबॉल रिसर्च’ नावाची संस्था उभी करून सामन्यांच्या नोंदी साठवल्या आहेत. जुने सामने त्यातून ओळीनं-ओळ वाचता येतात. सुरुवात करायचीच तर सातव्या सीझनपासून करा, गॅरेजेसचे सामने निवडा आणि जेलन पिचर असेल तो दिवस शोधा.

मी नववीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे. मला स्कोअर लिहायला शिकायचंय. वही कशी आखू?
*– एक विद्यार्थिनी, जळगाव*

शाब्बास! जळगावात सॉफ्टबॉल इतका खेळला जातो, तिथे स्कोअरर घडलाच पाहिजे.

मोठी चौकटीची वही घे. डावीकडे बॅटरची नावं खेळायच्या क्रमाने, वर इनिंगचे आकडे. प्रत्येक चौकोनात एक छोटा डायमंड काढ. बॅटर जितके बेस पुढे जाईल तितक्या त्याच्या बाजू गिरवायच्या, चारी बाजू भरल्या की आत रंग भरायचा, ती धाव. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात : पिचर १, कॅचर २ (म्हणजे तू), पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं मैदान ७, मधलं ८, उजवं ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर आउट झाली, तर चौकोनात ६-३. स्ट्राइकआउटला चॅडविकचा ‘के’. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर तोच ‘के’ आरशातल्यासारखा उलटा. चेंडू बॅटरला लागला तर ‘एचबीपी’ (हिट बाय पिच) लिहायचं आणि तिला पहिला बेस द्यायचा. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात पिचरचं नावही लिहीत जा. नियमाला ते लागत नाही, मी लिहिते.

पेन्सिल वापर, खोडरबर जवळ ठेव, आणि शेजारी कोणी कितीही बोलत असलं तरी त्या चेंडूवरचा खेळ पुरा होईपर्यंत मान वर. तुमच्या पुढच्या सामन्याचं पान मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. तपासून पुढच्या अंकात छापते.